घासलेली वीट

लग्न होऊन युसूफ वडगाव या गावी आली तेव्हा शिवकांताला चांदी म्हणजे पायातले पैंजण, एवढंच ठाऊक होतं. माहेर गेवराईकडचं, वडलांचं किराणा दुकान. सासरचं दुकान चांदीचं. बाजारात, पिठाच्या गिरणीला लागून. पुढे काचेचं कपाट, मागे भट्टी, एक ऐरण आणि रिठ्याच्या पाण्याची पातेली. नवरा कल्याणराव तुटलेली साखळी अशी जोडायचा की डाग कुठं दिलाय ते शोधून सापडत नसे. चांदीवर त्याचा हात फार हलका होता. घरात तोच हात जड पडायचा.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. एका शेतकऱ्यानं अर्ध्या किलोची चांदीची वीट मोडीत विकायला म्हणून दुकानात आणून ठेवली होती. वीट काळीकुट्ट. कल्याणराव केजला गेला होता. शिवकांताला वाटलं, गिऱ्हाईक परत यायच्या आत चकचकीत करून ठेवावी, नवऱ्याला बरं वाटेल. तिनं राख घेतली, तारेची घासणी घेतली आणि दुपारभर ती वीट घासली. वीट आरशासारखी झाली. पण तिच्यावरचा छाप पार पुसट झाला, नंबराचे आकडे बोटालाही लागेनात.

"हे कुनी केलं?" कल्याणरावनं आल्या आल्या विचारलं.

"मी," ती हसून म्हणाली.

त्यानं कपाटावरचं पितळी वजन उचललं आणि फेकून मारलं. उजवी भुवई फुटली, आतलं हाड दिसलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पायरीवरून पडले." कल्याणराव शेजारीच उभा होता. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, टाके घातले आणि पुढं काही विचारलं नाही.

टाके निघाल्यावर कल्याणरावनं तिला दुकानात आणून बसवलं. चूक झाली वगैरे तो बोलला नाही. तो बोलणाऱ्यातला नव्हता. त्यानं तिच्यापुढं एक काळी वीट ठेवली आणि शिकवायला लागला. चांदी हवेनं काळी पडते, रबरानं पडते, गोबरगॅसच्या घरात तर सहा महिन्यांत तव्यासारखी होते. पण ते काळेपण नुसतं कातडीवरचं. आतल्या चांदीला त्याचा स्पर्शसुद्धा नसतो. पैंजण, वाळे, देवाचे टाक उजळावेत, ते अंगावर आणि देव्हाऱ्यात मिरवायचे असतात. वीट मिरवायची नसते, विकायची असते, आणि विकत घेणारा आधी छाप बघतो, नंबर बघतो. घासलेली वीट दिसली की त्याला वाटतं, इथं काहीतरी खोडलंय. मग तो वितळवून टंच, म्हणजे शुद्धता, काढल्याशिवाय हात लावत नाही.

शिवकांता शिकली. पुढं मार पूर्ण थांबला असं नाही, पण दुकानात मात्र तो तिला विचारल्याशिवाय काम हातात घेईना. अकरा वर्षांमागं कल्याणराव छातीत कळ येऊन गेला, तेव्हा लोकांना वाटलं आता दुकान बंद पडणार. मुलगा केदारनाथ बियाण्याच्या दुकानात नोकरीला, रोज मोटारसायकलवर केजला जाऊन येऊन करायचा. त्याला भट्टीची आवड नव्हती. शिवकांतानं दहावं झाल्यावर कुलूप उघडलं, गळ्यातली लिंगाची चांदीची डबी पदराखाली सारली आणि गादीवर बसली. तेव्हापासून तीच बसते. चिंचेनं, रिठ्यानं आणि काळ्या चांदीनं तिच्या बोटांच्या टोकांना एक करडा रंग चढलाय, तो लग्नकार्यात मेंदी लावूनही झाकत नाही.

गेल्या हिवाळ्यात चांदीचे भाव असे उसळले की गावातल्या बायकांनी डबे-गाठोडी उपसली. तुटकी जोडवी, आजीच्या पाटल्या, बारशातल्या वाट्या, सगळं काळं पडलेलं. दुकानापुढं रांग लागायची. शिवकांता एकेक वस्तू हातात घेऊन सांगायची, हे उजळून देते, हे तसंच राहू द्या. कुणी वीट आणली तर ती कपड्यात गुंडाळून परत द्यायची. "घासू नका. हाय तशी न्या."

अशातच एके दिवशी दुपारी सुंदररावांच्या घरची जीप दुकानापुढं थांबली. सुंदरराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. पंधरा दिवसांपूर्वीच वारले होते, तेरावं नुकतंच झालं होतं. जीपमधून त्यांचा ड्रायव्हर बंकट उतरला. भरदार माणूस, मनगटात लोखंडी कडं. निवडणुकीच्या दिवसांत सुंदररावांचा मुलगा विजयसिंह जिथं जाईल तिथं हा पुढं असायचा.

"काकू, दादानं बलवलंय. चांदीचं काम हाय."

"सामान घिऊन येऊ का?"

"सगळं घ्या. घासायचं हाय म्हने."

तिनं पिशवीत रिठे घेतले, एक मऊ फडकं घेतलं, आणि गिरणीवाल्याला दुकानाकडं लक्ष ठेवायला सांगून ती जीपमध्ये बसली.

सुंदररावांचं घर गावाबाहेर मळ्यात. सिमेंटचं, दोन मजली, मागं गोठा आणि गोबरगॅसची टाकी. पाहुणे पांगले होते. ओसरीवर सुंदररावांची बायको छबुबाई भिंतीला टेकून बसली होती, कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. मधल्या खोलीत विजयसिंह पलंगावर बसला होता आणि समोर जमिनीवर त्याची धाकटी बहीण विजयमाला. विजयमालाचा नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरखाली सापडून गेला होता. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ती माहेरीच. बापाचं शेवटचं दुखणं तिनंच काढलं होतं, अंथरुणातलं सगळं तिनंच केलं होतं.

दोघांच्या मधे पोत्यावर चार विटा ठेवल्या होत्या. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीएवढ्या, प्रत्येक किलोची. कोळशासारख्या काळ्या.

"बगा काकू," विजयसिंह म्हणाला. "आबांनी ह्या माझ्यासमोर घेतल्या हैत. मी कॉलेजात होतो. डोळे दिपायचे असल्या होत्या. आता बगा. हे काय चांदी हाय?"

शिवकांता खाली बसली. विटांजवळ ट्रॅक्टरच्या ट्यूबच्या पट्ट्या पडल्या होत्या, जुन्या, चिकट झालेल्या.

"ह्या ट्यूबमंदी बांधलेल्या होत्या?"

"व्हय," विजयमाला म्हणाली. "आबांनीच बांधलत्या. ज्वारीच्या कोठीत तळाला ठेवायचे. कोठी मागच्या खोलीत हाय, गॅसच्या नळीपाशी."

शिवकांतानं मान हलवली. तिला तिथंच उमगलं होतं. रबर आणि गोबरगॅस, दोन्ही एका जागी. काळी पडली नसती तर नवल. तरी तिनं घाई केली नाही. पहिली वीट उचलली, तळहातावर तोलली. बोटाच्या टोकावर टेकवून दुसऱ्या हातानं नाण्यानं हलकेच टिचकी मारली. बारीक, लांबत जाणारा नाद आला. चारही विटांना तसाच आला. मग तिनं फ्रिजमधला बर्फ मागवला. एक खडा विटेवर ठेवला, एक शेजारी फरशीवर. फरशीवरचा तसाच बसून राहिला. विटेवरचा बघता बघता विरघळून तिच्यावरून ओघळला.

"चांदी हाय, दादा. चोख हाय. छाप बगा, नंबर बगा, चारीचे नंबर वळीनं हैत. एकाच दिवशी एकाच दुकानातनं घेतलेल्या."

"मग काळ्या कावून?"

"रबरानं. वरवरचं हाय ते. घासायची गरज न्हाई. घासलं तर चांदी झिजती आन नंबर जातोय. मंग लातूरचा सराफ निम्म्या भावात मागंल. ह्या अशाच न्या, त्यो टंच काढून दील."

 विजयसिंहच्या तोंडावरचा रंग उतरला तेव्हा शिवकांताच्या ध्यानात आलं की ह्या माणसाला हे ऐकायचं नव्हतं. विटा खोट्या आहेत हेच त्याला तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. पुढचं विजयमालाच्या बोलण्यातून कळलं.

"ऐकलास का भैय्या? आठ दिस झाले मला चोर म्हनायलास. मी बदलल्या म्हने, शिसं ठिवलं म्हने. गावभर सांगितलंस." ती ओसरीकडं वळली. "आबा सगळ्यांसमोर बोललते, दोन तुला, दोन मला. आई, बोललते का न्हाई?"

ओसरीवर छबुबाईनं तोंड फिरवलं.

"काकू," विजयसिंह सावकाश म्हणाला, "हिनं तुमाला काय दिलं बोलायला?"

"मला कोन काय देनार? चांदी बोलती, मी न्हाई."

"घासा. माझ्यासमोर घासा. आत काय हाय ते दिसू द्या."

"न्हाई दादा. उगं माल खराब हुतोय."

विजयमाला उठली. तिनं दोन विटा उचलल्या, पदरात घेतल्या आणि दाराकडं वळली. "तुला घासायच्या त्या तुझ्या घास. मपल्या मी नेल्या."

ती दारापर्यंत पोचली नाही. विजयसिंहनं मागून तिचा शेपटा धरून तिला खेचलं. पदर सुटला, विटा फरशीवर धाडधाड पडल्या. त्यातली एक त्यानं उचलली. शिवकांताला वाटलं तो ती कोठीत टाकेल. त्यानं हात वर नेला आणि बहिणीच्या डाव्या डोळ्यावर, कानशिलाच्या वर, वीट हाणली.

तसला आवाज शिवकांतानं कधी ऐकला नव्हता. कुणीतरी ओला नारळ दगडावर फोडावा तसा. विजयमाला गुडघ्यावर आली. तिनं एक हात डोळ्याशी नेला, बोटांमधून रक्त धारेनं आलं. "भैय्या," एवढंच ती म्हणाली. त्यानं पुन्हा मारलं, ह्या वेळी खांद्यावर. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा शिवकांता मधे पडली. आपण उठलो कधी, हे तिला पुढंही कधी आठवलं नाही. तिनं उजवा हात आडवा धरला आणि ती किलोभर चांदी तिच्या मनगटावर बसली. हाड काडीसारखं मोडलं.

छबुबाई ओरडत आत आली. लेकीच्या अंगावर पडली. "मारू नगंस, अरं मारू नगंस, मरंल ती!"

ओरडा ऐकून आत आलेल्या बंकटनं दाराला कडी घातली.

 विजयमाला कुशीवर पडली होती, डोळा दिसत नव्हता, नुसतं लाल होतं, श्वास घरघरत होता. विजयसिंहनं हातातल्या विटेकडं पाहिलं. तिच्या काळ्या अंगावर रक्त फारसं दिसत नव्हतं, नुसती ओल चमकत होती, आणि केस चिकटले होते.

तो शिवकांताकडं वळला. आता तो तिला काकू म्हणाला नाही.

"घासायला आलीस नव्हं? घास."

"आधी हिला दवाखान्यात न्या."

"घास म्हनलं ना!"

"मी न्हाई घासनार."

बंकटनं तिचे केस धरले आणि फरफटत मोरीत नेलं. नळ सोडला. मोडलेला हात धरून विटेवर दाबला. शिवकांता किंचाळली, तिला ओकारी झाली, तिथंच मोरीत झाली. बंकटनं कमरेत लाथ घातली. ती भिंतीवर आदळली. पुन्हा उठवून बसवलं, पुन्हा हात दाबला. तिच्या बोटांत जोर नव्हताच. असता तरी तिनं लावला नसता. डोळ्यांपुढं अंधारी येत होती, तरी एक गोष्ट तिला लख्ख कळत होती. ही वीट आपल्या हातानं घासली गेली, तर पुढं काहीच उरणार नाही.

शेवटी विजयसिंहनंच बंकटला बाजूला ढकललं. तारेची घासणी आणि भांड्याची पावडर घेतली आणि उकिडवा बसून वीट घासू लागला. दात आवळून, उभी आडवी, पाण्याखाली धरून. काळं गेलं, लाल गेलं, खालून पांढरी चांदी वर आली. शिवकांता भिंतीला टेकून बघत होती.

मग सगळं भराभर झालं. विजयमालाला चादरीत गुंडाळून जीपमध्ये टाकलं. छबुबाई शेजारी बसली. विजयसिंह आईला दोनदा म्हणाला, "जिन्यावरून पडली म्हनायचं. काय म्हनायचं?" आणि छबुबाई पुटपुटली, "जिन्यावरून पडली." जीप विजयसिंहनं स्वतःच अंबाजोगाईच्या दिशेनं नेली. बंकटनं शिवकांताला फाटकाबाहेर काढलं. "तुजा केदार रोज केजच्या रस्त्यानं जातोय. ध्यानात ठेव."

ती पायी घरी आली. हात पदरात बांधून, रस्त्याच्या कडेकडेनं.

केदारनाथनं तिला मोटारसायकलवर बसवून केजला नेलं. प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. शिवकांतानं तोंड उघडलं, आणि आतून जे शब्द वर आले ते तिच्या ओळखीचे होते. पायरीवरून पडले. तिनं ते शब्द गिळले. पण दुसरंही काही बोलली नाही. केदारनाथच म्हणाला, "पडली."

घरी आल्यावर त्यानं तिच्यापुढं हात जोडले. "आई, त्यांच्या नादी लागू नगंस. त्या घराची भांडनं ती निस्तरतील. आपन बाजारात बसनारी मानसं."

ती दोन दिवस गप्प राहिली. भीती होतीच, ती नाकारून चालणार नाही. पोराचा रस्ता, पोराची मोटारसायकल, हेच डोळ्यांपुढं येत होतं. गावात बातमी फिरली होती की सुंदररावांची लेक गच्चीच्या जिन्यावरून पडली, अंबाजोगाईला डोक्याचं ऑपरेशन झालं, शुद्ध नाही. गिरणीवाला येऊन सांगून गेला. 

तिसरा दिवस बाजाराचा. सकाळी दहाच्या सुमाराला, माणसांची गर्दी असताना, बंकट चौघांना घेऊन आला. त्यांच्या हातात गज होते. काही न बोलता त्यांनी काचेचं कपाट फोडलं. पैंजण, टाक, वाळे रस्त्यावर उधळले. केदारनाथ त्या दिवशी रजा घेऊन दुकानात बसला होता. तो आडवा आला. पहिला गज त्याच्या पाठीत बसला, दुसरा गुडघ्यावर. तो पडल्यावर त्याला लाथांनी तुडवलं. कांदेवाले, भाजीवाले बघत राहिले. एक म्हातारी रडत रडत चांदीचे वाळे गोळा करून पदरात टाकत होती, ते तिनं नंतर एकूणएक परत दिले.

"हे आगाव समज दिली," बंकट शिवकांताला म्हणाला. "बोललीस तर पेटवू."

ती दोन दिवस गप्प बसली होती. तरी पोराला मारलं होतंच. फुटक्या काचांत बसून, मुलाचं डोकं मांडीवर घेऊन, शिवकांताला एवढंच दिसलं की गप्प राहून काहीच वाचत नाही. कल्याणरावच्या वेळीही वाचलं नव्हतं. केदारनाथला दवाखान्यात दाखल करून ती तडक पोलीस ठाण्यात गेली. प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "जबाब ल्ह्या."

फौजदार तरुण होता, नव्यानं बदलून आलेला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मधे अडवलं नाही. त्याच संध्याकाळी तो शिवकांताला घेऊन मळ्यातल्या घरी गेला, पंच घेऊन. विजयसिंह शांत होता. पांढरे कपडे, कपाळाला बुक्का. विटा? हो, आहेत की. त्यानं स्वतः कोठी उघडून दाखवली. आपल्याला काही लपवायचं नाही, असं तो म्हणाला.

फौजदारानं चारही विटा टेबलावर मांडल्या. तीन काळ्या. एक पांढरीशुभ्र.

"ही एकच कशी चकचकीत?"

"गिऱ्हाईकाला दाखवायला नमुना म्हणून घासून घेतली. ह्या बाईनंच घासली, विचारा तिला."

सगळे शिवकांताकडं बघायला लागले. तिनं जवळ जाऊन, हात न लावता, वाकून विटेकडं पाहिलं.

"साहेब, मी बत्तीस वर्षं चांदी घासती. तारेची घासनी वीटेला मी जन्मात लावनार न्हाई. हे ओरखडे बगा, उभे आडवे, कसे बी मारलेत. छाप खराब केला, नंबर निम्मा घालवला. आन माजा हात तर त्याच टायमाला मोडला होता. मोडक्या हातानं एवढा जोर लागंल का?" ती थांबली. मग डाव्या हाताचं बोट लांबूनच छापाकडं धरलं. "ह्या आकड्यांच्या खाचा बगा. शेजारच्या विटेच्या खाचा काळ्या हैत, निळसर काळ्या. ह्या विटेच्या खाचांत तपकिरी हाय. चांदीचं काळं असं दिसत न्हाई. ही धुवू नका, पुसू नका. हाय तशी तपासायला पाठवा."

विजयसिंहच्या ओठांवरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. पुढच्या क्षणी त्यानं टेबलावर झेप घेतली. हात त्या पांढऱ्या विटेवर पडला होता. तो पुरावा नष्ट करणार होता की त्या विटेनं शिवकांताचं डोकं फोडणार होता, कुणालाच सांगता येणार नाही. दोन शिपायांनी त्याला खाली पाडलं. त्यानं एकाच्या हाताला चावा घेतला. फरशीवर तोंड दाबलं तरी तो शिव्या देत होता, शिवकांताला, मेलेल्या कल्याणरावला, तिच्या जातीला.

वीट कापडात सील करून गेली. दीड महिन्यानं अहवाल आला. आकड्यांच्या खाचांत माणसाचं रक्त होतं, विजयमालाच्या गटाचं.

विजयमाला वाचली. एकोणिसाव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. डावा डोळा गेला. डावी पापणी आत ओढली गेली. बोलताना ती शब्दासाठी अडते. जबाब तिनं तीन बैठकांत दिला, पण पूर्ण दिला, भावाचं नाव घेऊन. विजयसिंह तुरुंगात आहे, जामीन दोनदा फेटाळला. बंकटला जामीन मिळाला, तो गाव सोडून गेला म्हणतात. खटला अंबाजोगाईच्या कोर्टात उभा राहायचाय. केदारनाथ लंगडतो. तो दुसऱ्या रस्त्यानं नोकरीला जातो, आणि आईशी कधी कधी दोन दोन दिवस बोलत नाही. तिचं मनगट वाकडं जुळलं. ऐरणीवरचं काम आता होत नाही. उजळण्याचं काम ती डाव्या हातानं करते, हळू करते.

चैत्रात, टळटळीत दुपारी, छबुबाई बाजारात आली. चालत आली होती, मळ्यापासून. दुकानापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बयान फिरीव."

"न्हाई वैनी."

"चुकून बोलले म्हन. भ्रमात होते म्हन. एकुलता एक हाय मला."

"न्हाई."

छबुबाईनं पायातली चप्पल काढली. म्हातारी, हडकुळी बाई, पण पहिला फटका शिवकांताच्या गालावर असा बसला की गिरणीवाला बाहेर पळत आला. दुसरा डोक्यात, तिसरा तोंडावर, ओठ फुटला. "रांडे, घर खाल्लंस मपलं! दोन लेकरं होती. दोन्ही नेलीस!" लोक गोळा झाले. शिवकांतानं हात वर केला नाही. ती गादीवर बसल्या बसल्या मार खात राहिली, आणि मधे एकदाच बोलली.

"दोन न्हाई, वैनी. एक वाचलीय तुमची."

छबुबाईचा हात वरच राहिला. मग तिच्या बोटांतून चप्पल गळून पडली. ती वळली आणि एका पायात चप्पल, एक पाय उघडा, अशी तापलेल्या रस्त्यावरून चालू लागली. कुणी तिला हाक मारली नाही.

केदारनाथ संध्याकाळी आला तेव्हा आईचा सुजलेला ओठ बघून संतापला. "चल ठान्यात. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांनी बगितलंय."

"न्हाई जायचं."

"कावून? तिला सोडायचं?"

"तिला राग काढायला दुसरं कोनच उरलं न्हाई," शिवकांता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, ती चप्पल कागदात गुंडाळून मळ्याकडं गेली. दार विजयमालानं उघडलं. एका डोळ्यानं तिनं बराच वेळ बघितलं, मग तिचे ओठ शब्द शोधत हलले.

"काकू... आत... या."

शिवकांतानं चप्पल तिच्या हातात दिली. आतली मधली खोली दारातून दिसत होती, पलंग, फरशी, मोरीचा कोपरा. तिनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला. दुसरा उचलेना. मनगटात कळ उठली. विजयमाला दार धरून वाट बघत होती.

"फुडल्या बारीला येईन गं," शिवकांता म्हणाली, आणि पाय खाली घेऊन बाजाराच्या रस्त्याला लागली.